बघून झालेल्या म्युझियममध्ये पुन्हा पुन्हा जाऊन काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी बडोद्याला येऊन दोन महिने झाले, कमाटीबागेतलं म्युझियम दीड तासात बघून झालं, आणि ऑफिसातला एक जण दर महिन्याला तिथं जातो याचं नवल वाटतं. मी पण त्यातलाच. कलेचं शिक्षण शून्य. मकरपुऱ्याला ओतकामाच्या कारखान्यात आहे.

दीड तासात काय पाहिलं असेल ते मी सांगतो. देवमाशाचा सांगाडा, इजिप्तची ममी, मग पाय दुखेपर्यंत चित्रं. लहानपणी आजीचं बोट धरून आम्हीही तेवढंच बघायचो. (आजी ममीला हात जोडायची. मेलेलं माणूस आहे, जोडावे म्हणायची.) चित्रांच्या दालनाची इमारत १९१४ मध्ये तयार झाली होती, पण सयाजीरावांनी युरोपातून घेतलेली चित्रं महायुद्धामुळं अडकली आणि दालन उघडलं ते १९२१ मध्ये. सात वर्षं चित्रांची वाट बघितलेल्या दालनाला तुम्ही वीस मिनिटं दिलीत!

मला मात्र सवय लागली ती अकोट्याच्या मूर्तींमुळं. अकोटा म्हणजे बडोद्यातलाच एक भाग, मी राहतो तिथंच. जिथून भाजी आणतो त्या भागात १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला, ६८ मूर्ती, हे मला पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती बघून वाटलं, कुणीतरी राजा किंवा विष्णू असणार. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि उभं राहणं मात्र तपस्व्याचं. पाटी वाचूनही डोक्यात शिरलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या गुजराती बांना मोबाइलवर फोटो दाखवला, तर त्या हसल्या, "आ तो दीक्षा पहेलांना महावीर!" म्हणजे राजवाडा अजून सुटलेला नाही, आणि मन सुटलेलं आहे. पुढच्या खेपेला त्याच मूर्तीसमोर पंधरा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

मग चवरीधारिणी. आठव्या शतकाच्या सुमाराची, अगदी लहानशी. खांद्यावर चवरी, एका पायावर भार. समोरून बघाल तर छान आहे म्हणून पुढे जाल. मी तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाजूला सरकून पाहिलं, तेव्हा कमरेचा बाक दिसला. बराच वेळ उभं राहून कंटाळलेली बाई पाय बदलते ना, तशी. देवाला वारा घालायचं काम आहे, पण ड्यूटी ती ड्यूटी.

इथं माझा धंदा आड आला. या मूर्ती मेणाच्या पद्धतीनं ओतलेल्या. आधी मेणात मूर्ती करायची, वर मातीचे लेप, मग भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आमच्याकडे व्हॉल्व्हचे भाग आजही असेच ओततात, मातीच्या जागी सिरॅमिकचा लेप एवढाच फरक. साचा फोडावाच लागतो. आमच्याकडे एक पीस रिजेक्ट झाला तर दुसरा मेणाचा पीस तयार असतो. त्या मूर्ती ओतणाऱ्या माणसाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं असेल. हे डोक्यात आल्यापासून मी काचेला नाक लावून वस्त्रावरच्या बारीक रेघा बघतो. मेणात ओढलेल्या रेघेच्या कडा मऊ येतात, ओतल्यावर छिन्नीनं मारलेली रेघ धारदार असते. रखवालदार आता ओळखतो, पण पहिल्यांदा त्यानं मला दोनदा मागं व्हायला सांगितलं होतं.

सांगायचं तर एवढंच, सगळं बघायचा हट्ट सोडा. एका खेपेला एक वस्तू धरा, तिला पुढून, बाजूनं, जमेल तर खाली वाकून बघा आणि चालू पडा. तिकिटाचं ओझं होत नाही आणि बागेत फेरी होते. बायकामुलांना रोज नेऊ नका, माझी मुलगी आता "पुन्हा तीच बाई?" म्हणते. रविवर्म्यांची चित्रं हवी असतील तर लक्ष्मीविलासच्या आवारातलं फतेहसिंह म्युझियम वेगळं आहे, तिथं वेगळ्या दिवशी जा. दोन्ही एका दिवसात उरकलीत तर पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

आमच्या फेटलिंगच्या (ओतलेला भाग घासून साफ करायच्या कामाच्या) माणसाचं म्हणणं, चवरीधारिणीच्या वस्त्रावरच्या रेघा छिन्नीच्याच. मी म्हणतो मेणातल्या. येत्या रविवारी त्याला घेऊन जातोय, पैज सेव-उसळची आहे.