कोकणात दोन पावसाळे बंद राहिलेली जुनी चेतक एका रविवारी घरीच सुरू करता येईल का?

आपण विचारले आहे की, वडिलांची 1985 सालची बजाज चेतक रत्नागिरीजवळच्या घरी पडवीत दोन पावसाळे तशीच उभी आहे, हाताशी पाने-पक्कड एवढीच हत्यारे आहेत, तर थंडीतला एखादा रविवार देऊन ती घरी सुरू करता येईल का, की सरळ मेकॅनिककडे न्यावी. माझ्या मते काम घरीच काढावे, मात्र गाडी सुरू करणे हे त्या दिवसाचे उद्दिष्ट ठेवू नये. किनाऱ्यावरची जुनी गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून अधिक खराब होते. म्हणून ओल आणि खारी हवा नेमकी कुठे शिरली आहे, हे शोधणे हेच पहिल्या रविवारचे खरे काम आहे. किक सर्वांत शेवटी मारावी.

त्यासाठी आपण हिवाळा निवडला आहे, हे उत्तम. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात उघडलेला भाग पुन्हा बंद करेपर्यंत त्यावर दमटपणा बसलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा असतो. दुपारकडे वारा फिरतो आणि समुद्रावरून खारी हवा आत येऊ लागते. त्यामुळे मॅग्नेट (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणारे चुंबकाचे चाक), पॉइंट (उघडझाप करून प्लगला ठिणगी पाडणारी दोन टोके), कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असे जे जे उघडायचे ते सकाळी उघडावे आणि जेवणापूर्वी पुसून बंद करावे, असा माझा नेहमीचा क्रम आहे. दुपारनंतर केबल, ब्रेक आणि पत्रा यांची कामे करता येतात.

पहिले काम पेट्रोलचे. टाकीतले जुने पेट्रोल हातपंपाच्या नळीने पूर्ण काढावे, तोंडाने ओढू नये, आणि चूल, बंब किंवा विडी-काडी आसपास नसावी. काढलेल्यातले थोडे पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी शिरलेले असेल तर तळाशी वेगळा थर जमतो, आणि दोन थरांमधली रेघ बाटली उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसते. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, पाण्याचे प्रमाण वाढले की पाण्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसते आणि टाकीचा पत्रा आतून गंजवते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्याने फुगतात किंवा चिरतात. म्हणून पेट्रोलची नळी चांगली दिसत असली तरी बदलावी. टाकीत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहावे. तांबूस पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवून स्वच्छ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्यानंतर प्लग काढावा आणि त्या भोकातून इंजिन ऑइलचे काही थेंब आत सोडून गाडी तशीच राहू द्यावी. दोन पावसाळ्यांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असू शकतात. अशा वेळी जोराने किक मारली तर रिंग तुटते आणि थोडक्यात आटोपणारे काम बोअरिंगपर्यंत, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेण्यापर्यंत जाते. तेल मुरल्यावर किक हाताने हळूच दाबून पाहावी. पिस्टन अजिबात हलत नसेल तर तिथेच थांबून गाडी मेकॅनिककडे द्यावी.

पिस्टन मोकळा असेल तर पॉइंटकडे वळावे. आपल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले नसेल, तर पॉइंट मॅग्नेटच्या चाकाच्या आत असतात आणि चाकावरच्या खिडकीतून दिसतात. टॉर्च तिरकी धरून पाहिले की दोन टोकांवर करड्या रंगाची भुकटी दिसते. ती इतकी पातळ असते की बोटाला जाणवतही नाही, पण ठिणगी न पडण्यास तेवढी पुरते. बारीक पॉलिश पेपरची पट्टी मधून एक-दोनदा फिरवावी, मग स्वच्छ कागद फिरवून कण काढावेत आणि टोके पूर्ण उघडलेल्या स्थितीत फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) साधारण 0.4 मिलिमीटर फट ठेवावी. प्लगची फट 0.6 मिलिमीटर पुरेशी आहे. वायरिंगचे जोड एकेक करून पाहावेत, कारण खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि वरून धड दिसणारी तार टोकाशी निकामी झालेली असते.

कार्बोरेटर हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. चेतक टू-स्ट्रोक असल्याने तिचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेले तेल फ्लोटच्या कप्प्यात (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या भागात) आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यांत, चिकट होऊन बसते. जेट सोडवून ताज्या पेट्रोलमध्ये भिजत ठेवावेत आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. तार किंवा सुई घालू नये, कारण पितळेचे भोक किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. साफ झालेला जेट आकाशाकडे धरून पाहिला की छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. कडेला सावली दिसत असेल तर तो पुन्हा भिजवावा.

दुपारनंतर गिअर, क्लच आणि ब्रेकच्या केबलींची वरची टोके सोडवून त्यांत सावकाश तेल उतरवावे. पायाखालच्या रबरी पट्ट्या उचलून पाहणे मी अत्यावश्यक मानतो. चेतकचा सांगाडा हा पत्र्याचाच असतो, वेगळी चौकट नसते, त्यामुळे तिथला गंज हा रंगाचा नव्हे तर गाडीच्या ताकदीचा प्रश्न आहे. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर वेल्डिंग झाल्याशिवाय गाडीवर कोणालाही बसवू नये. ब्रेकचे ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

एवढे झाल्यावर ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचे तेल) मिसळून थोडेच भरावे आणि मग किक मारावी. इंजिन सुरू होऊन सायलेन्सरमधून बराच वेळ पांढरा धूर आला तर घाबरू नये. आत सोडलेले तेल जळून गेल्यावर तो कमी होतो. मात्र इंजिनचा वेग आपोआप चढत गेला तर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) ऑइल सील गेले असावेत. ते काम मेकॅनिकचेच आहे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी सुरू झाली आहे, परंतु आपली गाडी त्या वयाची नाही, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवताही येत नाही. आपल्याला गाडी बाजाररहाटीसाठी हवी असेल तर साधे नूतनीकरणच योग्य.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर, म्हणजे पुढच्या रविवारी, कार्बोरेटर पुन्हा एकदा अवश्य उघडावा. टाकीत घट्ट बसलेला गाळ गाडी हलू लागल्यावरच सुटतो आणि स्वच्छ केलेल्या जेटमध्ये येऊन अडकतो.