स्वस्त चायना चेन सॉ बांधावरच्या बाभळीला चालेल का? पहिल्या दिवशी काय तपासावं?

भाऊ, शिरपूरकडच्या वाळक्या बाभळीसाठी तुम्ही 22 इंची बारचं (बार म्हणजे चैन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) 58 सीसी मशीन विचारलंय. इंजिन चालतं. पाटीवर 58 असलं तरी आत बहुधा 54 च्या आसपासच निघतं, आणि त्याला कडक बाभळीत 22 इंची बार जड जातो. 18 इंची बार लावा, त्याला बसणारी चांगली चैन घ्या. खोक्यातली चैन लवकर बोथट होते, पैसे खर्चायची खरी जागा हीच.

चैन बसवताना चैनीचा ब्रेक सुटलेला हवा, नाहीतर क्लचचं झाकण बसतच नाही. वरच्या बाजूच्या दातांची धार बारच्या टोकाकडे. ताण देताना टोक वर उचलून धरा. चैन खाली लोंबू नये, पण हाताने सहज ओढली जावी. नवी चैन ताणते, दोन-चार कापांनंतर थंड होऊ द्या, मग पुन्हा बघा.

पेट्रोल लिटरला 40 मिली टू-टी ऑइल, म्हणजे 25 ला 1. इथेनॉलच्या पेट्रोलने स्वस्त नळ्या फुगतात, चिरतात. तिथून हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. असं झालं की तिथेच बंद करा, तसंच चालवलं तर पिस्टनला ओरखडे पडतात. काम संपलं की टाकी रिकामी करा. मे महिन्यात मशीन उन्हात ठेवू नका, टाकीचं झाकण हळू उघडा.

बारचं ऑइल येतं का, हे कापण्याआधीच बघा. टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, अर्ध्या मिनिटात तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारचं तेलाचं भोक जुळलेलं नाही किंवा पंप जाम आहे. जळकं ऑइल घालू नका. रेस सोडल्यावर चैन फिरत राहिली तर आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू थोडा मागे घ्या. सायलेन्सरचे बोल्ट पहिल्या टाकीनंतर आवळा, ते ढिले पडतातच.

बांधावरच्या बाभळीत जुनी तार आणि खिळे हमखास असतात, बुंध्याला माती असते. आधी खरडून बघा. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की धार गेली. 0.325 पिचच्या (पिच म्हणजे चैनीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) चैनीला 4.8 मिमीची गोल कानस, 30 अंशात, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उसळून तोंडावर येतं. ब्रेक रोज तपासा: रेस देऊन पुढच्या हँडलसमोरची ब्रेकची दांडी पुढे ढकलली की चैन त्याच क्षणी थांबली पाहिजे.