सिंगापूरमध्ये नोकरीसाठी राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने स्वतःच्या फ्लॅटमध्ये विवस्त्र राहणे गुन्हा आहे का?
नाही, परंतु बाहेरच्या लोकांच्या दृष्टीस पडलात तर तो गुन्हा ठरतो. तेथील सार्वजनिक सुव्यवस्था व उपद्रवविषयक किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याचे कलम २७अ सार्वजनिक ठिकाणाइतकेच लोकांना दिसू शकणाऱ्या खासगी जागेलाही लागू होते, आणि त्यासाठी २,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. समोरासमोर उभ्या असलेल्या उंच इमारतींच्या त्या शहरात उघडी खिडकी म्हणजे जवळजवळ रस्ताच. त्यामुळे जाड पडदे हवेतच. हा नियम परदेशी लोकांनाही लागू आहे: २००९ मध्ये हॉलंड व्हिलेज भागात नग्न फिरलेल्या एका स्वीडिश तरुणाला आणि त्याच्यासोबतच्या सिंगापुरी तरुणीला प्रत्येकी २,००० डॉलर दंड झाला. मात्र एक लक्षात ठेवावे, सभ्यतेला बाधा येईल इतके अपुरे कपडेही या कलमात नग्नताच मानले जातात.