‘सरसकट’ आणि ‘सर्व’ यांत फरक काय?
‘सरसकट’ म्हणजे नुसते ‘सर्व’ नव्हे, तर बरे-वाईट, लहान-मोठे असा भेद न करता सगळ्यांना एकाच मापाने मोजणे होय. कोल्हापूरच्या मंडईत वांगी निवडून घेतल्यास एक दर आणि किडके-कोवळे न पाहता ढीग सरसकट उचलल्यास त्याहून कमी दर, असा सौदा होतो, त्यातच या शब्दाचा अर्थ दिसतो. ‘कोल्हापुरी चपला फक्त कोल्हापुरातच होतात’ हे असेच सरसकट विधान. ते चुकीचे ठरते, कारण या चपलांच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात (विशिष्ट प्रदेशातील मालाला मिळणारी अधिकृत ओळख) महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी ४ जिल्हे आहेत. मात्र ‘सरसकट कर्जमाफी’ या प्रयोगात शब्दाला दोषाची छटा नसते, तेथे ‘निकष न लावता’ एवढेच अभिप्रेत असते. (पुष्कळजण येथे ‘सर्रास’ लिहितात, त्याचा अर्थ ‘नेहमी, राजरोस’ असा निराळा आहे.)