एकचाकी घेण्याआधी ती उघडून बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला रोज इलेक्ट्रिक एकचाकीवर जाता येईल का, कोल्हापुरातले लोक तिच्याकडे कसे बघतात, आणि चिनी कारखान्यांच्या मालावर भरवसा ठेवावा का. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चार वर्षे हे चाक वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की लोकांनी तुम्हाला स्वीकारणे वा न स्वीकारणे हे शेवटी यंत्र किती खात्रीचे आहे यावरच येऊन ठेपते. तोल जाऊन कोणाच्या अंगावर पडणारा माणूस कोणत्याच गावाला आवडत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेडलांवर, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्यांवर, उभे राहून चालवायच्या या एकचाकीला ब्रेकचा लिव्हर नाही, हँडल नाही, टेकायला दुसरे चाक नाही. तुम्ही पुढे झुकता, आतला जायरोस्कोप तो कल मोजतो आणि मोटर चाकाला तितक्याच जोराने पुढे ढकलून तुमच्या खाली आणून ठेवते. मागे झुकलात की तीच मोटर उलटा जोर लावून वेग कमी करते. म्हणजे उभे राहणे, पळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे एकच मोटर, तिला हुकूम देणारा एकच कंट्रोलर बोर्ड आणि एकच बॅटरी करते. स्कूटर बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घेऊन उभे राहता येते. एकचाकी बंद पडली तर पुढच्या क्षणी तोंड डांबरावर असते. या प्रकाराला आम्ही चालवणारे ‘कटआउट’ म्हणतो, आणि तो टाळणे हीच सगळी कारागिरी आहे.

कटआउट दर वेळी बिघाडामुळेच होतो असे मात्र नाही. मोटर जितकी वेगाने फिरते तितका तिच्यात उलटा विद्युतदाब तयार होतो आणि बॅटरीकडून जादा जोर मिळण्याची शिल्लक कमी होत जाते. उदाहरणार्थ, ८४ व्होल्टच्या चाकात एकामागे एक वीस सेल जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो. तोच सेल ३.५ व्होल्टवर उतरला की एकूण दाब ७० वर येतो, शिवाय भार पडला की आणखी खाली बसतो. सकाळी ज्या वेगाला चाक निर्धास्त होते, त्याच वेगाला संध्याकाळी त्याच्याकडे तुम्हाला सावरण्याइतका जोर उरलेला नसतो. म्हणूनच चाक आधी शिट्टी देते आणि मग पेडलचा पुढचा भाग वर उचलून तुम्हाला मागे लोटते. या दोन्ही इशाऱ्यांना न जुमानता पुढे झुकत राहणाऱ्याला कोणताही कारखाना वाचवू शकत नाही.

यातलीच एक गंमत पन्हाळ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. गड शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. माणूस आणि चाक मिळून शंभर किलो धरले तर तेवढ्या उताराची ऊर्जा शंभर वॉट-तासांच्या आसपास भरते, आणि उतारावर ब्रेक लावताना मोटर तिच्यातला बराचसा भाग बॅटरीत परत ढकलत असते. वर हॉटेलात जेवताना चाक पूर्ण चार्ज करून खाली निघालात तर ही ऊर्जा घ्यायला बॅटरीत जागाच नसते. दाब मर्यादेबाहेर जातो आणि चाक वळणावर ओरडू लागते. उतरायचे असेल तेव्हा बॅटरी जाणूनबुजून थोडी रिकामी ठेवावी.

आता दर्जाविषयी. शेन चेन या अमेरिकेतल्या संशोधकाने २०११ साली सोलोव्हील नावाची इलेक्ट्रिक एकचाकी बाजारात आणली, आणि तिथून पुढे हा धंदा जवळजवळ सगळा शेन्झेन आणि डोंगगुआनच्या कारखान्यांत गेला. इनमोशन, किंगसाँग, आधी गॉटवे म्हणवली जाणारी बेगोड आणि व्हेटरन ही चाके बनवणारी लीपरकिम ही आजची प्रमुख नावे आहेत. चिनी माल म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण दुसरा माल जवळपास नाहीच; आणि गेल्या दहा वर्षांत या लोकांनी केलेली प्रगती खरोखर दाद देण्यासारखी आहे. २०२० च्या सुमारास सस्पेन्शन आले, बॅटऱ्यांचा दाब ६७ व्होल्टवरून १३४ आणि त्याहीपुढे गेला, आणि आता मोबाइलवर एकेका सेलचा दाब दिसतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. सहा महिन्यांनी एखादा नग तडकला तर तो कोणत्या दिवशीच्या रसातून ओतला होता हे सांगता येते. एकचाकीच्या धंद्यात हीच शिस्त अनेक वर्षे नव्हती. मॉडेलचे नाव तेच, पण एका बॅचमध्ये बेअरिंग वेगळे, दुसऱ्या बॅचमध्ये बोर्ड वेगळा, आणि बदल झाल्याचे गिऱ्हाइकाला चाक उघडल्यावर कळणार. पहिल्या बॅचचा माल घेणारा माणूस हा खरे म्हणजे कारखान्याचा बिनपगारी इन्स्पेक्टर असतो. म्हणून नवे मॉडेल आले की निदान सहा महिने गप्प बसावे, असे मी सांगत आलो आहे.

माझे पहिले चाक सेकंड हँड होते, अठरा इंची, ८४ व्होल्टचे. कंपनीचे नाव इथे घेत नाही. शिरोलीच्या एका रिकाम्या प्लॉटवर, बॅटरी पंचवीस टक्क्यांवर असताना, ते माझ्या पायाखालून गेले. मनगटाच्या गार्डवरचे प्लॅस्टिक घासून पांढरे झाले, हात वाचला, खांदा मात्र दीड महिना वर होत नव्हता. विकणाऱ्याने कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा ‘चालवणाऱ्याची चूक’ असे दोन शब्दांचे उत्तर आले. ती चूक अर्धी माझी होतीच, कारण उतरलेल्या बॅटरीवर मी जोराने झुकलो होतो. उरलेली अर्धी शोधण्यासाठी एका रविवारी शॉपमधल्या बेंचवर चाक आडवे घातले आणि उघडले.

पेडल ज्या कंसावर बसतात त्याच्या आठ स्क्रूंपैकी तीन मला नुसत्या बोटांनी फिरवता आले. सुटू नयेत म्हणून लावतात तो निळा डिंक एकालाही नव्हता. एक स्क्रू तिरका घुसवल्याने त्याचे आटे मोडले होते आणि तो केवळ रंगाच्या जोरावर जागेवर बसला होता. मोटरच्या वायरी पोकळ आसातून बाहेर येतात. जिथे त्या आसाच्या कडेवरून वळतात तिथे कड घासून गुळगुळीत करायला हवी होती, पण ती तशीच धारदार सोडली होती आणि एका वायरीचे आवरण तिथे सोलले गेले होते. तीन जाड वायरींच्या कनेक्टरांपैकी पिवळ्याचे प्लॅस्टिक चहाच्या रंगाचे झाले होते, म्हणजे तिथला जोड सैल होता आणि बराच काळ तापत होता. मोटरच्या झाकणाखाली गंज होता. या पाचही गोष्टींत एकही अवघड तंत्रज्ञान नाही. आमच्या शॉपमध्ये नवा शिकाऊ मुलगा पहिल्या महिन्यात जी कामे शिकतो, तीच इथे राहिली होती. कडेवर कानस फिरवायला किती वेळ लागतो?

बॅटरीबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लॅपटॉप किंवा स्कूटरच्या बॅटरीत संरक्षक सर्किट असते आणि सेल फार उतरले की ते पुरवठा तोडते. एकचाकीत असे अचानक तोडणे म्हणजे माणसाला खाली फेकणेच, त्यामुळे बहुतेक चाकांत हे संरक्षण फक्त चार्जिंगच्या बाजूने असते आणि चालताना सेलचे रक्षण शिट्टी आणि पेडलची उचल यांवरच अवलंबून असते. त्यातच सेलच्या वेष्टनात पाणी शिरले तर सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या आतून खाल्ल्या जातात आणि महिनोन्‌महिने बाहेर काही दिसत नाही. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट लक्षात घ्या. कंपनी काहीही म्हणो, भिजलेल्या रस्त्यावर चाक काढू नका, आणि जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. हॉवरबोर्डच्या, म्हणजे स्वतः तोल सांभाळणाऱ्या दोन चाकी फळीच्या, आगी २०१५-१६ मध्ये गाजल्या, २०१६ च्या जुलैत अमेरिकेत पाच लाखांहून अधिक नग परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी अशा वाहनांच्या विजेच्या सुरक्षेसाठी यूएल २२७२ हे मानक आले. सिंगापूरने २०२० पासून ते सक्तीचे केले. घेताना या मानकाचे प्रमाणपत्र असलेले मॉडेल निवडा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

लोकांविषयी बोलायचे तर कोल्हापूर या बाबतीत मला मवाळच वाटले. पहिले सहा महिने प्रत्येक चौकात तेच तीन प्रश्न येतात: “केवढ्याला बसलं?”, “ॲव्हरेज किती देतंय?” आणि “पडत न्हाईसा?” शेवटच्या प्रश्नाला मी खरे उत्तर देतो. त्रास होतो तो मोटरसायकलवरून शेजारी येऊन मोबाइल रोखणाऱ्या पोरांचा. त्यांना हात करून पुढे जाऊ द्यावे, शर्यत लावू नये. कुत्री मागे लागतात, तेव्हा वेग वाढवण्यापेक्षा खाली उतरणे बरे.

खरी हरकत मला एकदाच ऐकू आली आणि ती रास्त होती. रंकाळ्याच्या काठाने पहाटे मी अगदी हळू, माणसाच्या चालीने चाललो होतो. काठी टेकत फिरणारे एक आजोबा मी बाजूने जाताच दचकले, थांबले आणि म्हणाले, “अहो, हे मागनं आलं तर कळतच न्हाई की. घंटा तरी बांधा त्याला, बैलाला बांधतोय तशी.” माझा वेग कमी होता, अंतर पुरेसे होते, हेल्मेट होते, काळजी सगळी घेतली होती, पण आवाज नव्हता, आणि ज्याला ऐकून रस्ता समजतो त्याच्या दृष्टीने मी कुठूनही उगवलो नव्हतो, एकदम अंगाशी होतो. तेव्हापासून सायकलची घंटी पट्ट्याने मनगटाला बांधतो आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या वेळेत चाक नेतच नाही. ती जागा चालणाऱ्यांची आहे. पुढे पुन्हा भेट झाली तेव्हा आजोबांनी घंटी वाजवून बघितली आणि आवाज बारीक आहे असा शेरा मारला.

कायद्याचे म्हणाल तर एका वाहतूक पोलिसाने दसरा चौकात विचारलेला प्रश्न नेमका आहे: “पासिंग कुठं आहे?” ते नाही, आणि होणारही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेवरच्या वाहनाला, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून तसे प्रमाणित केले तर, नोंदणीतून सूट मिळते. एकचाकीची मोटर सहसा ५०० वॉटच्या पुढेच सुरू होते, आणि मोठ्या चाकांची तर काही हजारांत जाते. मोटार वाहन म्हणून नोंदवायचे म्हटले तर आरसे, ब्रेक, नंबर प्लेट लावायला जागा, यातले काहीच तिच्यापाशी नाही. बाहेरच्या देशांतही एकवाक्यता नाही: फ्रान्सने २०१९ मध्ये ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत तिला नियमांत घेतले, तर जर्मनीने त्याच वर्षी हँडलची अट घालून बाहेर ठेवले. आपल्याकडे विम्याचाही आधार नाही. तुमच्यामुळे कोणी जखमी झाले तर भरपाई तुमच्या खिशातूनच जाणार.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. राजारामपुरीतून शिरोलीला जायचे म्हणजे पंचगंगेचा पूल आणि पुणे-बंगळूर महामार्ग आला. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या, बाजूने ट्रक, आणि खाली एकच टायर. त्या रस्त्यावर मी स्वतः हे चाक कधी नेलेले नाही. कारखान्याच्या आवारात, मालकाची परवानगी असलेल्या मोकळ्या जागेत, गावाबाहेर शेताच्या रस्त्यांवर हे चाक फार आनंद देते, आणि तेवढ्यासाठी ते घेण्याजोगे आहे.

सेकंड हँड घेणार असाल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर बाजूचे झाकण काढायला सांगा. मोटरच्या तीन वायरींचे कनेक्टर, आसाजवळची कड आणि पेडलच्या कंसाचे स्क्रू एवढे बघायला पंधरा मिनिटे पुरतात, आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावर मल्टिमीटर लावून दाब बरोबर येतो का हेही तपासा. तो झाकण काढायला तयार नसेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. शिकायला साधारण पंधरा दिवस लागतात आणि पहिल्या आठवड्यात नडग्या निळ्या होतात, त्यामुळे नडगीचे आणि मनगटाचे गार्ड चाकाच्या आधी विकत घ्या. माझे जुने चाक, आता सगळे स्क्रू घट्ट असलेले, शॉपमध्येच असते. रविवारी सकाळी आलात तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भिंतीला धरून उभे राहण्यापासून सुरुवात करू.