कुलवृत्तांतातल्या ‘कन्या 3’

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळेतील वंशवृक्षाच्या प्रकल्पावरून तू परवा दोन प्रश्न विचारलेस. तुझ्या मैत्रिणीने लाळेचा नमुना पाठवून केली तशी डीएनए चाचणी आपणही करावी का, हा पहिला. आणि बाबांच्या घराण्याच्या एवढ्या जाडजूड कुलवृत्तांतात पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, मग बायका गेल्या कुठे, हा दुसरा. दुसरा प्रश्न तू रागाने विचारलास आणि तो राग मला योग्य वाटतो. जेवता जेवता आटोपण्याजोगे हे प्रश्न नाहीत, शिवाय ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. कुलवृत्तांतात बाबांच्या खापरपणजोबांची नोंद काढ. त्यांचे शिक्षण, मामलेदार कचेरीतील कारकुनी, बदल्यांची गावे, कीर्तनाची आवड आणि उतारवयातील काशीयात्रा, असा सगळा तपशील तिथे आहे. त्याखाली एवढेच: ‘प्र. प. रमा, प्लेगने निवर्तली. द्वि. प. सरस्वती.’ पुढे चार मुलगे, चौघांचीही नावे, आणि शेवटी ‘कन्या 3’. त्या तीन मुलींची नावे काय होती, त्या कोणत्या घरी दिल्या, त्यांतली एखादी बालपणीच गेली का, यातले काहीही तिथे नाही. प्रथम पत्नी रमा ही कोणाची मुलगी, हेही नाही.

यामागे दुष्टावा होता असे नाही, पण हिशेब मात्र होता. अशी पुस्तके तयार करणाऱ्या मंडळींनी आपल्या आडनावाच्या घरांना छापील प्रश्नावल्या पाठवल्या, आलेली उत्तरे जुळवली, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, घराघरांतील मोडी कागद वाचून घेतले आणि एका मूळपुरुषापासून निघालेल्या शाखा मांडल्या. मुलगी लग्नानंतर दुसऱ्या गोत्रात जाते, तेव्हा तिची नोंद तिच्या सासरच्या पुस्तकात होईल, असे गृहीत धरलेले होते. ती तिथे होतेही, पण वेगळ्या नावाने! आपल्याकडे अनेक घरांत लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत आणि तिथून पुढे ती त्याच नावाने ओळखली जाई. माहेरची गंगू सासरी सरस्वती झाली, की या दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद बहुधा कुठेच उरत नाही. नशीब असेल तर सासरच्या नोंदीत तिच्या वडिलांचे नाव असते आणि त्या एका धाग्यावरून मागे जाता येते. अलीकडच्या आवृत्त्यांत मुलींची नावे, शिक्षण आणि सासर नोंदवू लागले आहेत. तुझी नोंद तुझ्या पूर्ण नावासह व्हावी म्हणून माहिती मीच पाठवली आहे.

आपण राहतो त्या स्कॉटलंडमध्ये हे काम पुष्कळ सोपे आहे, आणि तुझ्या मैत्रिणीला इतक्या पणज्या सापडल्या त्याचे श्रेय लाळेपेक्षा इथल्या दप्तराला अधिक आहे. इथे 1 जानेवारी 1855 पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची नोंद सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीतही मृताच्या वडिलांबरोबर आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनाव लिहिले जाते. त्यामुळे ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर एका बाईच्या मृत्यूच्या नोंदीवरून तिच्या आईचे माहेर कळते, तिथून त्या आईची जन्मनोंद शोधता येते, आणि अशी आयांची साखळी मागे नेता येते. इथल्या जुन्या दफनभूमीतही विवाहित बायकांची माहेरची आडनावे दगडांवर कोरलेली दिसतात. आपली महाराष्ट्रातली सरकारी दप्तरे जमिनीच्या आणि जातीच्या कामासाठी पाहिली जातात: सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर लोकांनी घराघरांतले मोडी कागद बाहेर काढले आणि हजारो वंशावळी नव्याने मांडल्या गेल्या. पण त्याही बाप, आजा, पणजा अशाच क्रमाने.

माझ्या माहेरी तर कुलवृत्तांत नावाची वस्तूच नाही. शेतकऱ्याच्या घरी कोण पुस्तक छापणार? मिरजेकडच्या आमच्या गावात सुगीनंतर हेळवी यायचा. बैलाच्या गळ्यातील घंटेवरून तो आल्याचे कळायचे. ओसरीवर बसून तो घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्यांची नावे एका दमात म्हणून दाखवायचा, घरात नवा मुलगा झाला असेल तर त्याचे नाव वहीत चढवायचा आणि जोंधळे घेऊन पुढच्या घरी जायचा. मुलीचे नाव चढवा असे माझ्या आजीने त्याला सांगितल्याचे मला आठवते. तो हसला आणि ते लिहिले की नाही, कोणास ठाऊक. (तुझ्या बाबांच्या आणि माझ्या घरात जातीचे अंतर असले तरी मुली गाळण्याच्या बाबतीत दोन्ही घरांचे एकमत होते, हे लक्षात घे.)

आपल्या परंपरेत बायकांची नावे टिकवणारी एक जागा मात्र आहे. आजोबा पितृपक्षात तर्पण करतात तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावे घेतात, आणि आईच्या माहेरची तीन पुरुषांची व तीन बायकांची नावेही घेतात. आजोबांच्या आईच्या आजीचे नाव मला कुलवृत्तांतात मिळाले नाही. ते आजोबांनी तर्पणासाठी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेल्या यादीत मिळाले. सासरचे नाव का होईना, ते मिळाले.

आता चाचणीबद्दल. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. वडिलांच्या बाजूचे वाय गुणसूत्र फक्त मुलग्यांना मिळते, म्हणून कुलवृत्तांताची वाट आणि वाय गुणसूत्राची वाट साधारणपणे एकच असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म भागांमधला डीएनए मात्र फक्त आईकडून येतो. तो तुला माझ्याकडून मिळाला, मला तुझ्या आजीकडून, तिला तिच्या आईकडून, आणि असेच मागे. म्हणजे कागदाने जी वाट सोडून दिली, नेमकी तीच वाट तुझ्या प्रत्येक पेशीत शाबूत आहे. त्या ‘कन्या 3’पैकी कोणाला मुली झाल्या असतील आणि त्या मुलींना मुली, तर त्यांच्याही घरी सरस्वतीचा किंवा रमेचा हा वारसा आज चालू असेल.

पण ही वाट मुकी आहे. कंपनी तुला एक मातृवंशाचा गट कळवील, बहुधा भारतात सर्वांत जास्त आढळणाऱ्या ‘एम’ गटाची एखादी उपशाखा, आणि तिची मूळ आई हजारो वर्षांपूर्वीची असेल. तिच्यात आणि माझ्या पणजीत कोणकोण झाल्या, त्या कोणत्या गावच्या, हे त्यातून कळणार नाही. मैत्रिणीला मिळालेल्या टक्केवारीच्या नकाशाचेही असेच आहे. कंपनीकडे ज्या लोकसमूहांचे नमुने आहेत त्यांच्याशी आपला डीएनए ताडून तो अंदाज केलेला असतो, त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन कंपन्या दोन वेगळे आकडे देतात. तू आणि तुझा भाऊ यांचे आकडेही तंतोतंत जुळणार नाहीत, कारण प्रत्येक अपत्याला आईवडिलांचा निम्मा वाटा मिळतो, पण तोच निम्मा नव्हे. दहा पिढ्या मागे गेल्यास हिशेबाने 1024 पूर्वज होतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा डीएनए तुझ्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. ते तुझे पूर्वज नाहीत, असे त्यामुळे ठरत नाही.

शिवाय आपल्याकडे हे 1024 जण वेगवेगळे असण्याची शक्यता कमी. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांबरोबर केलेले एक संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि नंतर जातीतल्या जातीत लग्ने करण्याची रीत घट्ट होत गेली, असे त्यातून दिसते. त्यात महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होत आले आहे. माझ्या आजीचेच तिच्या आत्याच्या मुलाशी झाले होते. अशा घरांत दोन माणसे अनेक वाटांनी नात्यात असतात, आणि कंपनीचा संगणक ते सगळे वाटे एकत्र मोजून दूरच्या नातेवाइकाला जवळचा चुलतभाऊ ठरवतो. इथल्या मुलांसाठी केलेला हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे प्रकल्पात जरूर लिही. तुझ्या बाईंना ते नवीन असेल.

परंपरा आणि प्रयोगशाळा यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजात दिसते. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आपल्यासारखीच आहेत. 2016 मधील संशोधनात त्यांचे इतर ज्यू समाजांशी असलेले नाते स्पष्ट दिसले, आणि सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी स्थानिक लोकांशी मोठी सरमिसळ झाल्याचेही दिसले. कथेचा गाभा टिकला. पण त्या स्थानिक पूर्वजांना कथेत जागा नव्हती, ती या संशोधनाने दिली.

उलट काही नाती कागदावरच खरी असतात. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 मध्ये ते दत्तक गेले आणि छत्रपती झाले. त्यांचे वाय गुणसूत्र घाटग्यांचेच राहिले, तरी भोसल्यांच्या वंशावळीत ते उपरे नाहीत. दत्तकपुत्राला वारस न मानता डलहौसीने 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा केले, त्याचा सल आपल्या लोकांना किती खोल लागला, हे तू इतिहासात पुढे वाचशील. बाबांच्या कुलवृत्तांतातही तीन ठिकाणी नावापुढे ‘दत्तक’ असे लिहिले आहे आणि पुढच्या पिढ्या तिथूनच मोजल्या आहेत. दत्तक लिहायला संकोच नव्हता. संकोच मुलींची नावे लिहायलाच होता, हे मला अधिक बोचते.

तेव्हा माझा निर्णय असा. अठरा वर्षांची झाल्यावर तुला हवी तर चाचणी कर. आत्ता तुझ्या वतीने संमती देण्याची माझी तयारी नाही. तू लाळ पाठवलीस की तुझ्या भावाची, मावशीची, बाबांच्या चुलत भावंडांचीही काही माहिती तिच्याबरोबर जाते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. ‘ट्वेन्टीथ्री अँड मी’ या प्रसिद्ध कंपनीकडील सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 मध्ये चोरट्यांच्या हाती गेली आणि मार्च 2025 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

प्रकल्पासाठी मात्र तू आयांची ओळ मांड. ती वर्गात दुसऱ्या कोणाकडे असणार नाही. तू, मी, मिरजेची आजी, आणि तिची आई हौसाबाई, जिचे माहेर कवठे महांकाळच्या बाजूचे, एवढे मला ठाऊक आहे. त्यामागचे आजीला विचारायचे आहे. ‘तुझ्या आजीचे नाव काय’ असे थेट विचारलेस तर ती ‘आई म्हणायचो, नाव कोण घेतंय’ असे म्हणून विषय संपवील. त्याऐवजी लहानपणी तिची आई तिला दिवाळीला कोणाकडे घेऊन जायची, त्या घरी म्हातारी कोण होती, तिला शेजारीपाजारी काय म्हणून हाक मारत, जात्यावर ती कोणत्या गावाच्या ओव्या म्हणायची, असे विचार आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे. नाव दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही लिही. एक माहेरचे असेल. आजीला सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या दुपारी, फोन कर. जेवण झाल्यावर ती निवांत असते आणि कानातले यंत्रही तेव्हा काढून ठेवलेले नसते.

तुझी,
आई