युद्ध सुरू, निवडणूक दारात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकातल्या कारगिलवरच्या लेखात आम्ही म्हटले होते की, लढाई चालू असताना सरकारला जाब विचारणे म्हणजे जवानाच्या विरोधात जाणे नव्हे. या एका वाक्यावर भरपूर पत्रे आली. काहींना ते पटले, बऱ्याच जणांना अजिबात पटले नाही. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

सैनिक डोंगरावर रक्त सांडत होते आणि 1999 मध्ये विरोधक राज्यसभेचे अधिवेशन मागत होते. निवडणूक जवळ आली म्हणून साधलेली ही संधीच नव्हती का? — एक वाचक, मिरज

निवडणूक जवळ होती हे खरे. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि 26 एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर आठवडाभरातच, मेच्या सुरुवातीला, घुसखोरीची पहिली खबर आली. 26 मेला हवाई दल उतरले, 26 जुलैला मोहीम संपली आणि सप्टेंबरमध्ये मतदान सुरू झाले. म्हणजे अख्खे युद्ध काळजीवाहू सरकारच्या काळात झाले. त्या वेळी लोकसभाच नव्हती, त्यामुळे प्रश्न विचारायला एकच सभागृह शिल्लक होते.

राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. लोकसभा नसताना तिला बोलावता येते आणि तसे पूर्वी घडलेही होते. 1977 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि 1991 च्या जूनमध्ये राष्ट्रपती राजवटीच्या कामासाठी ती दोन-दोन दिवस बसली होती. त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. सरकारने अधिवेशनाऐवजी सर्वपक्षीय बैठका घेतल्या. उघड चर्चेतून शत्रूच्या हाती काही लागू नये, हा सरकारचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

आता याच्या शेजारी 1962 ठेवून पाहा. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. संसद ताबडतोब बोलवा, अशी मागणी करणाऱ्यांत जनसंघाचे एक तरुण राज्यसभा सदस्य होते, त्यांचे नाव अटलबिहारी वाजपेयी. नेहरूंनी मागणी मान्य केली. 8 नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले, तेव्हा आघाडीवर लढाई चालूच होती. संरक्षण खाते आधीच गेलेले कृष्ण मेनन आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. सदस्यांनी नेहरूंना तोंडावर सुनावले आणि 14 नोव्हेंबरला त्याच सभागृहाने आक्रमण परतवून लावण्याचा ठरावही केला. टीका आणि पाठिंबा एकाच आठवड्यात, एकाच छताखाली झाले. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपल्याला पाठ असते, पण त्याआधी सभागृहात काय घडले ते सांगायचे राहून जाते.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे : 1999 मध्येही राज्यसभा बोलवायला हवी होती. न बोलावल्याने प्रश्न थांबले नाहीत, ते सभागृहातून प्रचारसभेत गेले. घुसखोरी इतके दिवस लक्षात कशी आली नाही? हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू नका हा आदेश योग्य की अयोग्य? प्रचारसभेत अशा प्रश्नांना घोषणांनी उत्तर मिळते. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली ती 29 जुलैला, आणि तिचा अहवाल संसदेपुढे आला फेब्रुवारी 2000 मध्ये. तोवर मतदान होऊन चार-पाच महिने लोटले होते.

कारगिलमुळेच भाजप जिंकला, असे आमच्या कट्ट्यावर सगळेच म्हणतात. — एक वाचक, नाशिक

आकडे इतके सरळ नाहीत. भाजपला 1998 मध्ये 182 जागा होत्या आणि युद्धानंतर 1999 मध्येही 182 च मिळाल्या. मतांचा वाटा तर सुमारे साडेपंचवीस टक्क्यांवरून पावणेचोवीसवर आला, मात्र पक्षाने या वेळी जागाही कमी लढवल्या होत्या. काँग्रेसच्या जागा 141 वरून 114 वर घसरल्या, तरी मतांचा वाटा वाढला. राजस्थानात भाजप 5 वरून 16 वर गेला आणि उत्तर प्रदेशात 57 वरून 29 वर आला. युद्ध एकच, पण दोन राज्यांनी दोन वेगळे निकाल दिले. सत्ता टिकली ती मुख्यतः मित्रपक्षांच्या जोरावर.

महाराष्ट्राचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. इथे लोकसभा आणि विधानसभेचे मतदान एकत्र झाले. तेच केंद्र, तीच रांग. लोकसभेत शिवसेना-भाजपला 48 पैकी 28 जागा मिळाल्या (सेना 15, भाजप 13). विधानसभेत सेना 69 आणि भाजप 56 वर थांबले, काँग्रेसच्या 75 आणि राष्ट्रवादीच्या 58 जागा आल्या आणि ऑक्टोबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. लोकसभेच्या निकालाला कारगिल जितके कारण, तितकीच जूनमध्ये झालेली काँग्रेसची फूट. मतदाराने दिल्ली आणि मुंबईचा हिशेब वेगवेगळा मांडला, हे मात्र नक्की. त्याला युद्धाच्या नावाने कुठेही वळवता येते, असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

गोव्यात सैन्य पाठवले ते 1962 च्या निवडणुकीसाठी, असे आजोबा म्हणत. खरे का? — एक वाचक, सावंतवाडी

तुमचे आजोबा म्हणत तसे तेव्हा बरेच जण म्हणत होते. 18 डिसेंबर 1961 ला कारवाई सुरू झाली, 19 तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली आणि दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, सार्वत्रिक निवडणूक झाली. संरक्षणमंत्री मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. समोर होते आचार्य कृपलानी. त्यांच्यामागे जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजासमाजवादी असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एकवटले होते. मेनन चीनबाबत गाफील राहिले, हा कृपलानींच्या प्रचाराचा गाभा होता. नेहरू स्वतः मेनन यांच्या प्रचाराला आले. मेनन दणक्यात जिंकले.

पण केवळ तारखा जुळल्या म्हणून हेतू सिद्ध होत नाही. गोव्याचा प्रश्न निवडणुकीने निर्माण केला नव्हता. 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या, नाकेबंदी वर्षानुवर्षे सुरू होती आणि नोव्हेंबर 1961 मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ बोटीवर गोळीबार झाला होता. निवडणुकीचा विचार कुणाच्या मनात नव्हताच, असे आम्ही म्हणणार नाही. पण मुक्ती उशिरा झाली ही गोवेकरांची तक्रार जास्त वजनाची आहे. आणि कृपलानींचे काय? ते हरले, पण आठ महिन्यांनी चीनने हल्ला केला तेव्हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता हे साऱ्या देशाला कळले. मतमोजणीत हरलेला प्रश्न चुकीचा ठरत नाही.

आमच्या मंडळाला चौकात जवानांना मानवंदना देणारा फ्लेक्स लावायचा आहे. आचारसंहितेत चालेल का? — एक कार्यकर्ता, इस्लामपूर

निवडणूक आयोगाने 4 डिसेंबर 2013 ला राजकीय पक्षांना कळवले की, प्रचारात सैनिकांची किंवा सैन्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे वापरू नयेत. 9 मार्च 2019 ला ते पुन्हा बजावले आणि 19 मार्चला सैन्यदलांच्या कारवाया प्रचारात ओढू नका, असेही सांगितले. या सूचना पक्ष, उमेदवार आणि त्यांच्या प्रचारकांसाठी आहेत. मंडळाने आपल्या खर्चाने लावलेली निखळ मानवंदना त्यात येत नाही.

घोटाळा होतो तो खालच्या पट्टीत. वर टायगर हिल आणि तिरंगा, मधे सलामी देणारा जवान आणि खाली ‘सौजन्य’ किंवा ‘शुभेच्छुक’ म्हणून इच्छुकांचे गोल फोटो. तो फोटो लागला की फ्लेक्स प्रचाराचा झाला. भरारी पथक तो उतरवते आणि छपाईचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जाऊ शकतो. म्हणून हे सांभाळा :

फ्लेक्सवर पक्षाचे चिन्ह, झेंडा, उमेदवाराचे नाव किंवा फोटो, मत देण्याचे आवाहन यांतले काहीही नको. पक्षाच्या रंगाची पट्टीसुद्धा टाळा, वाद तिथूनच सुरू होतो. नगरपालिकेची लेखी परवानगी आणि जागामालकाची संमती घ्या, परवान्याची प्रत मंडळाच्या फाइलीत ठेवा. पैसे मंडळाच्या खात्यातून द्या आणि बिल मंडळाच्याच नावावर घ्या. मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता कोपऱ्यात छापून घ्या. निवडणुकीच्या पत्रकांना आणि भित्तिपत्रकांना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ नुसार ते बंधनकारकच आहे आणि भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचा फ्लेक्स निवडणुकीचा नसला तरी नाव छापलेले असले की चौकशीत निम्मा त्रास वाचतो.

मग औशाच्या सभेत काय झाले होते? — एक वाचक, लातूर

9 एप्रिल 2019 ला औसा येथील सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना, तुमचे मत बालाकोटचा हवाई हल्ला करणाऱ्या वीरांना आणि पुलवामातील शहिदांना समर्पित होऊ शकेल का, असे विचारले. तक्रार झाली. 1 मेला आयोगाने आचारसंहितेचा भंग झाला नाही, असा बहुमताने निर्वाळा दिला. आयुक्त अशोक लवासा यांचे मत वेगळे होते. आमच्या मते ते भिन्न मत जसेच्या तसे प्रसिद्ध व्हायला हवे होते. तेथील मतदान 18 एप्रिललाच आटोपले होते, म्हणजे निर्णय मतदारापर्यंत वेळेत पोचलाच नाही. प्रचारावरच्या तक्रारीचा निकाल मतदानाआधी लागला नाही, तर तो कुणाच्याही बाजूने लागला तरी त्याचा उपयोग उरत नाही.

असा फलक दिसला तर तक्रार कशी करायची? मी सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रार ॲपवर फोटो टाकायचा प्रयत्न केला, जमले नाही. — एक वाचक, ठाणे

बहुधा तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेला किंवा गॅलरीत साठवलेला फोटो टाकत होता. ते ॲप जुना फोटो घेतच नाही. फलकासमोर उभे राहा, लोकेशन चालू करा, ॲपमधूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढा आणि पाच मिनिटांच्या आत पाठवा. पाच मिनिटे उलटली की पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. एक फोटो मजकूर वाचता येईल इतक्या जवळून असावा. नाव न देता तक्रार करता येते, पण मग पुढे काय झाले ते तुम्हाला कळत नाही. तक्रारीचा निकाल 100 मिनिटांत लावण्याची आयोगाची पद्धत आहे. निवडणूक जाहीर नसलेल्या भागातून तक्रार जात नाही.

टीव्हीवरची किंवा समाजमाध्यमावरची जाहिरात असेल तर हा मार्ग नाही. ती जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी द्या : तारीख, वेळ, वाहिनी किंवा खात्याचे नाव आणि स्क्रीनशॉट. ‘सैन्याचा अपमान झाला’ असे मोघम लिहू नका. कोणता फोटो, कोणते वाक्य, कोणत्या उमेदवाराचे, तेवढेच लिहा. मोघम तक्रारीवर कार्यवाही करायला अधिकाऱ्याच्या हाती काहीच नसते.

मुलगा सीमेवर आहे. त्याच्या नावावर सगळे मते मागतात, पण त्याचे स्वतःचे मत मोजले जाते का? — एक आई, सातारा जिल्हा

जाते, फक्त कागद बिनचूक हवेत. सेवा मतदार म्हणून त्याचे नाव गावाकडच्या यादीत लागते. उमेदवार ठरल्यावर मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्याच्या युनिटकडे जाते आणि तिथे छापून मिळते. खूण केलेली मतपत्रिका 13-ब च्या आतल्या लिफाफ्यात एकटीच घालायची. 13-अ ची घोषणा भरून, सही करून, अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची आणि ती वेगळी ठेवायची. मग 13-ब आणि 13-अ दोन्ही 13-क च्या मोठ्या लिफाफ्यात घालून टपालाने पाठवायचे. मते बाद होतात ती बहुतेक इथेच : घोषणेवर सही नसते, साक्षांकन राहते, घोषणा चुकून आतल्या लिफाफ्यात जाते, किंवा घडी क्यूआर कोडवर पडल्याने तो मोजणीच्या वेळी वाचता येत नाही. मुलाला फोनवर एवढे चार मुद्दे सांगा आणि मतपत्रिका हाती आली त्याच दिवशी टपालात टाकायला सांगा. मोजणीच्या दिवशी सकाळी 8 नंतर पोचलेला लिफाफा उघडला जात नाही.